खालच्या ओळीतला नंबर

काका फोनवर कधीच 'हॅलो' म्हणाले नाहीत. फोन लागला की आधी स्वतःचं पूर्ण नाव, मग गाव, मग कोणाच्या वतीनं बोलतोय ते, मग घड्याळात बघून वेळ. एवढं झालं की थोडं थांबायचे. पलीकडच्यानं बहुतेक वेळा तोवर फोन ठेवलेला असायचा. काकांना त्याचं काही नसे. "ज्याला ऐकायचं न्हाय त्यानं आधीच ठेवलेला बरा," म्हणायचे आणि पुन्हा तोच नंबर लावायचे. पुन्हा नावापासून.

हा माणूस मला आमच्या कामाच्या पहिल्या दिवशी असह्य झाला, दुसऱ्या दिवशी संशयास्पद वाटला, आणि बाराव्या दिवशी त्यांच्या पाठीमागे मी जे केलं त्याची लाज अजून गेलेली नाही.

सरकारी टेलिफोन खात्यात त्यांची नोकरी झाली होती. उरणपासून मांडव्यापर्यंत कुठल्या खांबावरून कुणाच्या घरात तार गेली होती ते त्यांना तोंडपाठ. आता ना ते खांब राहिले, ना त्या तारा. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेले लोक पारावर बसून खात्याच्या नावानं उसासे टाकत होते तेव्हा काका इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोनची जाडजूड माहितीपुस्तकं छापून आणून वाचत होते. प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून. "तांब्याची तार गेली म्हणून बोलणं थांबलंय काय?" असं विचारायचे. खिशात टेस्टर मात्र कायम. इंटरनेटच्या वायरला टेस्टर लावून काय कळतं, असं मी एकदा विचारलं. "काय न्हाय कळत," म्हणाले. "हात मोकळा वाटतो त्याच्याबिगर."

कोणाचा निरोप ऐकून घेण्याची त्यांची तऱ्हा तर सगळ्या बाजारात चेष्टेचा विषय होती. एकदा चहाच्या टपरीवर एक कोळीण टोपली उतरवून म्हणाली, "काका, काकीनं घरी बोलवलंय."

"तुला काकी सोता बोलली?"

"न्हाय, माझ्या जावेला बोलली."

"जाव कुठं भेटली तिला?"

"गिरणीवर."

"किती वाजता?"

"अवो काका, आग लागली असती तर घर जळून गेलं असतं तुमचं!"

"लागलीय का?"

"न्हाय."

"मग सांग. किती वाजता?"

पूर्ण वाट कळल्याशिवाय ते उठले नाहीत. घरी गेल्यावर कळलं की काकीनं बोलावलंच नव्हतं. 'उशीर झाला तरी चालेल' असा निरोप होता. दोन तोंडांतून जाताना त्याचा उलटा झाला होता. काकांनी दुसऱ्या दिवशी टपरीवर येऊन हे इतक्या आनंदानं सांगितलं, जणू सोनं सापडलं.

किहीमच्या एका बंगलेवाल्यानं त्यांना एकदा फोनचंच एक काम दिलं होतं. साहेब आठवड्यातले चार दिवस नारळीत झोपाळा टांगून बसणार, पण त्यांचा फोन मुंबईच्या ऑफिसातून आल्यासारखा दिसला पाहिजे. काकांनी यंत्र बघितलं, पाणी प्यायलं आणि म्हणाले, "नंबर दाखवीन मी. पन मागं लाटा ऐकू येतात साहेब, त्या कुठल्या ओळीत खोडू?" काम तिथंच सुटलं. काका मांडव्याहून एसटीनं परत आले आणि ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली. प्रत्येक वेळी लाटांपाशी थांबून.

आता आमच्याबद्दल. आम्ही लढत होतो. हे वाक्य मी पत्रकांत इतक्या वेळा लिहिलंय की त्याचा अर्थ नीट सांगायला हवा.

मिठागरांच्या पलीकडे, कंटेनरच्या ट्रेलरांची रांग संपते तिथं, एका कंपनीच्या गॅसच्या टाक्या आहेत. पहाटे वारा गावाकडे वळला की नासक्या अंड्यांसारखा वास यायचा. पोरं ओकायची, म्हाताऱ्यांचे डोळे चुरचुरायचे. कंपनीचं उत्तर ठरलेलं: 'आमच्या नोंदवहीत एकही तक्रार नाही.' आणि हे खरं होतं! फाटकावर हातभर अक्षरांत कंट्रोल रूमचा नंबर रंगवलेला. पण गावातल्या दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी त्याच फाटकातून ठेकेदाराचा पास दाखवून आत जायचं. आपल्या मोबाइलवरून तिथं फोन लावला की आपला नंबर त्यांच्या पडद्यावर. उद्या पास बंद. बोला, कोण करणार तक्रार?

तोड मी काढली. वासाविरुद्ध गावात उभ्या केलेल्या आमच्या समितीचा एक नंबर घ्यायचा. लोकांनी त्यावर फोन करायचा आणि आमच्या यंत्रानं तो कॉल तिथल्या तिथं कंट्रोल रूमला जोडून द्यायचा. माणूस स्वतःच्या तोंडानं सांगेल, पण पलीकडे दिसेल तो समितीचा नंबर. पत्रकाचा मथळासुद्धा तयार होता: 'आवाज तुमचा, नंबर आमचा!'

अडचण एवढीच आली की 'आमचा' म्हणजे कोणाचा हे कोणालाच सांगता येईना. समिती रजिस्टर झालेली नव्हती, कारण अध्यक्ष कोण यावर तीन बैठका मोडल्या होत्या. लाइन पुरवणारे म्हणाले, एका माणसाचं नाव आणि ओळखपत्र द्या. एकाचा भाऊ बंदरात नोकरीला चिकटायचा होता. एकाचं आधार कार्ड भिजलं होतं. आणि मी? मी लढ्याकडे व्यापक दृष्टीनं बघत होते. कोपऱ्यात बसलेले काका म्हणाले, "बघतो मी." आम्ही लगेच पुढच्या विषयाकडे वळलो.

बर्फाच्या कारखान्यावरच्या आमच्या खोलीत काकांनी जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र आणून बसवलं. त्याला गेटवे म्हणतात. आम्ही सगळे डबाच म्हणायचो. तासाभराचं काम असेल असं मला वाटलं होतं. पाच दिवस झाले तरी काका टपरीवरून स्वतःलाच फोन लावत होते, वर येऊन पडद्यावरच्या ओळी वहीत उतरवत होते, पुन्हा खाली जात होते. त्या वहीला चार रकाने: वेळ, काय बदललं, का बदललं, कोणी बदललं. प्रत्येक ओळीत चौथ्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव, आडनावासकट.

"काका, लोक वासानं मरतायत आणि तुम्ही अक्षर गिरवताय!" मी एकदाची भडकलेच.

त्यांनी माझंच एक पत्रक उचललं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर एक पाकीट काढलं.

"हे बघ बाय. परतेक कॉलच्या पुढं असं एक पाकीट जातं. आवाज मागून येतो. पाकिटावर ओळी असतात, त्यांना हेडर म्हनायचं. वरच्या ओळीत जो नंबर, तो पडद्यावर दिसतो. तो आपन समितीचा लावलाय. पन खाली आनखी एक ओळ हाय. ती तुझ्यामाझ्या मोबाइलवर दिसत न्हाय, मोठ्या ऑफिसातली यंत्रं वाचतात. ह्या कॉलचं उत्तर कोन देनार, त्याचा नंबर तिथं असतो. आपला डबा काय शाना न्हाय. आलेली खालची ओळ तो जशीच्या तशी पुढं ढकलतो. म्हंजे वर समितीचा नंबर, आन खाली ज्या बाईनं फोन केला तिचा."

"मग खोडून टाका खालची ओळ."

"खोडलीय. आता लाइनवाले कॉलच परत पाठवतात. रिकामी चालत न्हाय त्यांना. तिथं कोनाचं तरी नाव लागतंच."

"मग घाला कोणाचं तरी!"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कोनाचं?"

मला एक पत्रक लिहून द्यायचं होतं. मी निघून गेले.

पत्रकांवरूनही आमचं वाजायचंच. माझ्या प्रत्येक पत्रकाखाली 'एक जागरूक नागरिक' अशी सही असे. काका ते वाचायला सुरुवातच खालून करायचे. "कोन हा? कुठल्या गावचा?" मी म्हणायचे, तो जनतेचा आवाज आहे. "आसंल. पन कोनी उत्तर द्यायला बोलवलं तर येईल का तो?" मला हे खास सरकारी खात्यातलं भित्रेपण वाटायचं. तसं मी समितीत बोलूनही दाखवलं होतं. तेही काका हजर नसताना.

येत्या रविवारी ग्रामसभेत कंपनीचे मोठे साहेब येणार होते. त्याच्या आत नोंदवहीत तक्रारी पडायला हव्यात. बाराव्या दिवशी, गुरुवारी, काका फाइल घेऊन तिसऱ्यांदा पनवेलला गेले. कशाला जातात हे कोणी विचारलं नाही. नेमका त्याच सकाळी वास आला. पत्रकांतून मी आधीच वाटून टाकलेला समितीचा नंबर लोकांनी लावला आणि एकेक कॉल परत फेकला गेला. पडद्यावर नुसतं लाल: परवानगी नाही, परवानगी नाही.

पासवर्ड डब्यावरच चिकटवलेला होता. काका म्हणाले होते, "डबा समितीचा हाय, माझा न्हाय." मी आत शिरले. 'ओळखीची ओळ: काढून टाका' असं दिसलं. ते बदलून 'आहे तशी पुढे पाठवा' केलं. लाल गेलं, हिरवं आलं, बाकीचे तोवर कंटाळले होते, पण आठ मिनिटांत एक तरी तक्रार, पहिलीवहिली, कंट्रोल रूममध्ये पडली. मी टेबलावर मूठ आपटली. बारा दिवसांचं काम मी एका बोटानं केलं होतं!

मला सांगितलेलं नव्हतं असं नाही. माझ्याच पत्रकाच्या पाठीवर चित्र काढून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भात रांधणारी ताई. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालतं हे मला माहीत होतं. एरवी या वेळी ती कामावर असायची.

"मना फाटकावर इचारला," ती म्हणाली, "काल सकाली सात दहाला वास तुझ्याच घरी आला का? टायम सुदा बोलले, बाय. पास ठेवून घेतला."

"तुमचा नंबर त्यांना कळलाच कसा?"

"त्या मी तुला इचाराला आयलू."

यावर कोणाही शहाण्या माणसानं डबा उघडून बघितला असता. मी पत्रक लिहिलं. 'आमचे फोन चोरून ऐकले जातात!! कंपनीची हेरगिरी उघड!!' चार उद्गारचिन्हं. संध्याकाळपर्यंत ते एसटी स्टँडवर आणि बंदराच्या नाक्यावर वाटून झालं होतं. माझी ती आजवरची सर्वात जोरकस भाषा होती, असं सगळे म्हणाले.

शनिवारी सकाळी काका वर आले ते पत्रक हातात घेऊनच. खालची सही वाचली, मग वरचा मजकूर वाचला. मग डबा उघडला. पडद्यावरच्या ओळींवरून बोट फिरवत खालपर्यंत गेले.

"ऐकलं न्हाय कोनी, बाय. आपनच लिवून दिलं."

मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा सरळ करायला घेतला.

"गुरुवारी सात वाजून दोन मिंटांनी बदल झालाय." त्यांनी वही उघडली, वेळ लिहिली, काय बदललं ते लिहिलं. चौथ्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं, "कोनी केला?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. कारखान्यात खाली बर्फ फोडत होते, त्याचा आवाज येत होता.

"अपडेट आलं असेल," मी म्हटलं. "आपोआप."

काकांनी पेनाला टोपण लावलं. रकाना तसाच सोडला. मग फाइलमधून लाइनवाल्यांच्या पनवेलच्या ऑफिसचं मंजुरीपत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. खालच्या ओळीत घालायला एक नंबर मंजूर झाला होता. काकांच्या घरचा. अर्जावरची तारीख बघितली. डबा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशीची. म्हणजे मी 'घाला कोणाचं तरी' म्हणाले होते, त्याच्या आधीची.

तासाभरानं आम्ही कंपनीच्या फाटकावर होतो. काकांनी सुरक्षा अधिकाऱ्याला पूर्ण नाव, गाव, कोणाच्या वतीनं आलोय ते आणि वेळ सांगितली. अधिकारी 'बोला, बोला' म्हणत राहिला तरी एक शब्द गाळला नाही. मग टंकलेलं पत्र पुढे केलं.

"गुरुवारच्या कॉलमध्ये जो नंबर तुम्हाला मिळालाय त्या ओळीत माझा जायला हवा होता. आमच्या डब्यात चूक झाली आन त्या बाईचा गेला. तक्रारीचं उत्तर मी देनार. तिचा पास परत करा, आन नोंदीत माझं नाव घाला."

"चूक कोणी केली?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मी फाटकावर रंगवलेला नंबर वाचत उभी होते. दहाही आकडे वाचून झाले तरी मान वळवली नाही.

"डब्याचा जबाबदार मी," काका म्हणाले. "माझं लिवा."

काकांचा एक शब्दही खोटा नव्हता, हे मला रात्रभर टोचत राहिलं.

ताईचा पास नवव्या दिवशी परत मिळाला. काकांच्या पत्रामुळे मिळाला असं मी म्हणते. ती नसल्यामुळे शिफ्टला भात कच्चा जात होता हेही कारण असेल. त्या नऊ दिवसांत काका रोज सकाळी तिच्या दारावरून जायचे आणि 'अजून न्हाय' एवढं ऐकून परत फिरायचे. मी समितीच्या वतीनं तिला पाठिंब्याचं पत्र पाठवलं. बिनसहीचं.

ग्रामसभा लांबली, साहेबांना बरं नव्हतं. तोवर वास आला की कॉल जात राहिले. वर समितीचा नंबर, खाली काकांचा. एक दिवस कंपनीची दोन माणसं काकांच्या घरी समज द्यायला आली. काकांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि वही काढली. "नाव? गाव? कोनी पाठवलं? त्यांना कोनी सांगितलं?" काकी सांगत होती, दुसऱ्याच्या आडनावाचं स्पेलिंग विचारेपर्यंत दोघांनी चपला घातल्या होत्या. चहासुद्धा घेतला नाही.

शेवटी ग्रामसभा भरली. साहेबांनी कागद फडकावला. "तक्रारी आहेत, मान्य. पण सगळ्या एकाच नंबरच्या! आणि हे गृहस्थ राहतात आमच्या टाक्यांपासून केवढ्या तरी लांब. नाक फारच तिखट दिसतंय त्यांचं."

पुढच्या रांगा हसल्या. आमच्यातलेही काही हसले, खोटं कशाला सांगू. काका उठले. नाव, गाव, कोणाच्या वतीनं, वेळ. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, मुद्द्याचं!"

"मुद्द्याचंच हाय," काका म्हणाले. "नाक कोनाचंबी असंल साहेब. उत्तर द्यायला मी उभा हाय. तुमच्याकडून कोन?"

"मी कंपनीच्या वतीनं..."

"वतीनं झालं. नाव?"

साहेबांनी सरपंचाकडे बघितलं. सरपंचानं ग्रामसेवकाकडे. ग्रामसेवक पेन उघडून बसला होता, कारण काका त्याच्याकडेच बघत होते. साहेबांना नाव सांगावं लागलं. वास कुठून येतो याचं उत्तर देणाऱ्या माणसाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर चढलं. पुढे त्या माणसाला दर वासानंतर गावात येऊन जावं लागलं, आणि येऊन जाण्याचा कंटाळा आल्यावर दोन वॉल्व्ह बदलले गेले. वास गेला नाही. कमी झाला. माझ्या पत्रकांनी झालं असं मी काही वर्षं सांगत होते.

गेल्या दिवाळीनंतर काका काकीला घेऊन नाशकाला मुलीकडे राहायला गेले. काकीला जिना चढवेना. जाताना वही माझ्या हातात दिली. "घरचा फोन महिनाअखेर बंद होनार. खालची ओळ रिकामी र्‍हाता कामा नये." वही चाळली. शेकडो ओळी, प्रत्येकीपुढे नाव. एकच रकाना कोरा.

बैठक बोलावली. कोणाचा नंबर घालायचा? ज्याचा भाऊ बंदरात चिकटायचा होता त्याचा भाऊ आता चिकटला होता, म्हणून त्याला जमत नव्हतं. दुसऱ्याचं घराचं बांधकाम मंजुरीत अडकलं होतं. मी पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

मागून कॅन्टीनवाली ताई उठली. ती हल्ली बैठकांना यायची, काही न बोलता बसायची. अजून त्याच फाटकातून आत जात होती.

"माझा घाला," ती म्हणाली. "माझा तर त्यांना पाठच हाय."

कोणी हसलं नाही. मी उठले, डबा उघडला आणि खालच्या ओळीत माझा नंबर भरला. मग पनवेलचा अर्ज लिहायला घेतला, तो पहिल्यांदा बिघडला. सवयीनं खाली 'एक जागरूक' एवढं लिहून झालं होतं. दुसरा कागद घेतला. अर्ज झाल्यावर काकांची वही काढून तो कोरा रकानाही भरला. पूर्ण नाव, आडनावासकट.

मंजुरी येऊन आठवडा झाला असेल, सकाळी माझा मोबाइल वाजला. कंपनीची कंट्रोल रूम.

"मॅडम, आत्ता तुमच्या नंबरची तक्रार आलीय. वासाची. खात्री करायची होती."

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. मग गाव. मग कोणाच्या वतीनं बोलतेय ते. मग घड्याळ बघितलं.

"मॅडम, एवढं नको. हो की नाही तेवढं सांगा."

"सात वाजून दहा मिनिटं झालीयत," मी म्हटलं. "लिहून घ्या. आणि तुमचं नाव?"